पावती कुठे लावली?

सत्तावीस वर्षांत माझ्या हातून एकही कागद हरवलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिकत ऐकून लोक भलतेच निष्कर्ष काढतात. आमच्या घरातले तर निष्कर्ष काढून मोकळेही झालेत. मी नगररचना कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे. शहरातल्या झाडून सगळ्या इमारतींचे मंजूर नकाशे माझ्या ताब्यात असतात. तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी मुळात कुठे दाखवली होती आणि तुम्ही ती कुठे पाडलीत, हे मला ठाऊक असतं. मी बोलत नाही, एवढंच. लोक माझ्या खिडकीशी येतात, नकाशाची प्रत मागतात, मी अर्ज घेतो, शिक्का मारतो आणि म्हणतो, "आठ दिवसांनी या." त्यात दुष्टपणा वगैरे काही नसतो. आठ दिवसांपेक्षा लहान काळ आमच्या कार्यालयात वापरातच नाही.

तर अशा माणसाच्या मानेवर, डाव्या बाजूला, जबड्याच्या जरा खाली, एक गाठ आली. दाढी करताना हाताला लागली. वाटाण्याएवढी असेल. आज आहे, उद्या जाईल म्हणून मी तिला दोन आठवड्यांची मुदत दिली. ती गेली नाही, तेव्हा डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी बोटांनी चाचपलं, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "बहुधा काही नाही. पण तपासून घेऊ."

आता तुम्हीच सांगा, यातलं पहिलं वाक्य बोलून झाल्यावर दुसऱ्याची काय गरज होती? आणि पहिल्यात तरी 'बहुधा' कशाला घालायचं? सरकारी टिपणीत मी कधी 'बहुधा' लिहू देत नाही. 'जिना बहुधा तीन फुटांचा आहे' असं लिहिलं तर माणूस पडेल कुठेतरी. पण डॉक्टरांना विचारणार कोण? त्यांनी तोवर पुढच्या पेशंटला आत बोलावलं होतं.

सोमवारी मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत सुई टोचून नमुना घेतला. बायको बरोबर होती. ती बाहेरच्या बाकावर स्वेटर विणत बसली. मुलीसाठी स्वेटर चाललाय, डाव्या बाहीचं काम सुरू होतं. मी मानेला पट्टी लावून बाहेर आलो तर तिने वर बघितलं, म्हणाली, "झालं? काही नसेल हो," आणि पुन्हा टाके मोजायला लागली. माणसाने किती शांत असावं याला काही मर्यादा! पुढच्या आठवड्यात ती हे 'काही नसेल हो' एकूण अकरा वेळा म्हणाली. मी मोजलं. एकदाही तिचा आवाज हलला नाही. पंचवीस वर्षांचा संसार, आणि शेवटी माझी किंमत काय, तर 'काही नसेल हो'.

नमुन्याची पावती एका खिडकीवर मिळाली. काचेला गोल भोक, मागे एक माणूस. त्याने वर न बघता पावती सरकवली आणि म्हणाला, "आठ दिवसांनी या."

माझंच वाक्य! माझ्याच सुरात! धंद्यातला माणूस म्हणून मला त्याचं कौतुकही वाटलं, कारण वर न बघणं हे मुरल्याशिवाय जमत नाही. वर बघितलं की लोक पुढचा प्रश्न विचारतात. मी विचारलाच, "आधी नाही का मिळणार?" तेव्हा तो म्हणाला, "आधी आला तर आधी मिळेल. पावती सांभाळा. पावतीशिवाय रिपोर्ट देत नाही." हे तो मला सांगत होता. मला! सत्तावीस वर्षांत ज्याच्या हातून... असो.

आठ दिवस म्हणजे किती असतात, हे मला त्या आठवड्यात कळलं. खिडकीच्या माझ्या बाजूने ते कधी एवढे लांब दिसले नव्हते. हात सारखा मानेकडे जायचा. मंगळवारी मी एका बिल्डरला अर्ज परत देताना एका हाताने मान धरून बसलो होतो, तर त्याला वाटलं मी देण्याघेण्याचं काहीतरी सुचवतोय. तो बिचारा घाबरून अर्ज तिथेच टाकून निघून गेला. हेडक्लार्कने मला बाजूला घेऊन नोकरीची किती वर्षं राहिली याची आठवण करून दिली.

घरी वरच्या मजल्यावरचे गृहस्थ हजर. त्यांना आम्ही सर्वज्ञ म्हणतो. वीज कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी इतरांच्या आजारांत लक्ष घातलंय.

"गाठ दुखते का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"अरेरे," ते म्हणाले.

मी घाईने म्हटलं, "दाबली तर जराशी दुखते."

"अरेरेरे!"

मग त्यांनी मला दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या अशा दोन्ही गाठींची एकेक हकिकत सांगितली. दोन्हींचा शेवट सारखाच होता.

मला भीती वाटत होती. हे सरळ सांगून टाकतो, कारण तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. आणि भीतीपोटी मी एक गोष्ट मनाशी ठरवून टाकली होती. रिपोर्ट आणायला एकट्याने जायचं. चांगला आला तर सांगायचं. वाईट आला तरी चांगलाच आला म्हणून सांगायचं, निदान मुलीची शेवटच्या वर्षाची परीक्षा होईपर्यंत. बायको तर इतकी निश्चिंत होती की तिने लगेच विश्वास ठेवला असता.

बुधवारी खिडकीशी मास्तर आले. हे निवृत्त शिक्षक. स्वतःच्या घराच्या नकाशाची प्रत हवी म्हणून त्यांची सातवी खेप होती. मी नेहमीप्रमाणे तोंड उघडलं, पण 'आठ दिवसांनी' म्हणालो नाही. त्याऐवजी मी विचारलं, "मास्तर, तुम्ही कसे काढता हो हे आठ दिवस?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग माझ्या मानेवरची पट्टी बघून म्हणाले, "पहिले दोन दिवस तुम्हाला शिव्या देण्यात जातात. तिसऱ्या दिवशी घरातलं एखादं काम काढतो. हात गुंतले की डोकं जरा गप्प बसतं. मागच्या खेपेला सगळी कपाटं रंगवली. त्याच्या आधी माळा आवरला. आता घरात काम उरलेलं नाही, तेव्हा नकाशाचं जरा बघा."

तज्ज्ञाचा सल्ला होता. मी त्याच संध्याकाळी घरातले कागद काढले.

घरातले कागद म्हणजे एक प्लास्टिकची पिशवी, दोन बुटांची खोकी आणि शिवणयंत्राचा खण. मिक्सरच्या हमीपत्रात मुलीचा जन्मदाखला, आणि विम्याच्या कागदांत कुठल्याशा जुन्या पडद्यांची मापं! मी शहराचं रेकॉर्ड सांभाळतो आणि माझ्या घरात ही दशा. शिवाय मनात दुसराही एक विचार होता, तो मी नीट पूर्ण होऊ देत नव्हतो. उद्या मी नसलो, तर हिला विम्याचा कागद सापडायला हवा. बस, एवढाच. पुढचा विचार आला की मी पंचिंग मशीन उचलायचो आणि दोन-चार भोकं पाडायचो.

जेवणाचं टेबल मी ताब्यात घेतलं. एकूण चौदा फायली केल्या, प्रत्येकीला क्रमांक, आत विषयसूची. बायको आणि मुलगी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याने जेवल्या. मी घरासाठी नियमही केला. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये एखादा कागद बाहेर न्यायचा तर त्याच्या जागी गुलाबी चिठ्ठी ठेवावी लागते. तिच्यावर चार रकाने: कागद, घेणाऱ्याचं नाव, कारण, परतीची तारीख. कागद परत आला की चिठ्ठी फाडायची. या चिठ्ठीवर आमचं सगळं कार्यालय चाललंय. ऑफिसातून पूर्वी कधीतरी आणलेलं एक रद्द झालेलं पॅड मी टेबलावर ठेवलं आणि दोघींना समोर बसवून नियम समजावला.

"कोणताही कागद घेताना?" मुलीने विचारलं.

"कोणताही."

"आणि कागद नसलेल्या वस्तू?"

"शिस्त सगळीकडे सारखीच," मी म्हटलं. ही माझी पहिली चूक.

बायकोने पॅडवरची एक चिठ्ठी उचलून नीट वाचली आणि परत ठेवली. बाही तोवर कोपराखाली गेली होती.

गुरुवारी सर्वज्ञ चहाला आले, त्यांनी टेबल बघितलं आणि ते हरखूनच गेले. आधी त्यांनी वर्गीकरणावर मतं दिली: विषयवार लावू नका, रंगवार लावा, रंगवार नसेल तर उंचीवार. मग वर जाऊन स्वतःच्या कागदांची ट्रंक घेऊन आले. "एवीतेवी तुम्ही बसलाच आहात, तर आमचंही करून टाका," म्हणाले. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ही बातमी इमारतभर झाली. शेजारच्या बाई पेन्शनचे कागद घेऊन आल्या. तळमजल्यावरचा शिंपी जुन्या भाडेकराराचे तुकडे रुमालात बांधून घेऊन आला. आमच्या दिवाणखान्यात रांग लागली. मी चष्म्यावरून न बघता एकेकाची थैली घेत होतो, आणि चौथ्या माणसाला मी म्हणालो, "आठ दिवसांनी या." जिभेला सवय, दुसरं काय! तो शिंपी, त्याच्याकडे माझी पँट होती. त्याने तिथल्या तिथे सांगितलं, "बरं. मग पँटही आठ दिवसांनीच."

एक मात्र खरं. गुरुवार-शुक्रवारी मी गाठीला फार कमी वेळा हात लावला. मास्तर शहाणा माणूस.

शनिवारी सकाळी मी फ्रिज उघडला. चीजच्या डब्याच्या जागी गुलाबी चिठ्ठी. कागद: चीज. घेणारी: मुलगी. कारण: भूक. परतीची तारीख: परत येणार नाही. बुटांच्या कपाटात एक, छत्रीच्या खुंटीवर एक. टीव्हीसमोर रिमोटची होती, तिच्यावर कारण लिहिलं होतं, 'बाबा एकच बातमी चार वेळा बघतात.' माझ्या फायलींमध्येसुद्धा इथे-तिथे गुलाबी कोपरे दिसत होते. मुलगी सोफ्यावर पुस्तक तोंडासमोर धरून बसली होती, आणि पुस्तक हलत होतं.

थट्टा मला कळते. ऑफिसातही लोक माझी थट्टा करतात. पण नियमाची थट्टा? मी घरभर फिरलो, फायलींमधल्या धरून सगळ्या गुलाबी चिठ्ठ्या गोळा केल्या आणि उरलेल्या न वाचताच आमच्या जुन्या बिलांच्या तारेत ओवून टाकल्या. ती तार स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेली असते. एकूण सतरा चिठ्ठ्या. "खेळ संपला," मी जाहीर केलं. बायको बाल्कनीत कपडे वाळत घालत होती, तिला हे ऐकू गेलं नाही. आणि मग मी पॅडही कुलपात टाकलं.

रविवारी सहज म्हणून पावती बघायला गेलो. तर नाही.

आधी मी हसलो. मग आठवायला बसलो की पावती कुठे लावली. 'आरोग्य' या फायलीत असायला हवी. नव्हती. 'पावत्या' मध्ये नव्हती. 'चालू कामं' मध्ये नव्हती. 'महत्त्वाचे' मध्ये पडद्यांची मापं होती. वर्गीकरण इतकं बारीक केलं होतं की तो कागद पाच ठिकाणी लावता आला असता, आणि त्या पाचांतली कोणती जागा मी त्या क्षणी योग्य मानली, हे मला काही केल्या आठवेना. आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मुलीला सांगितलं असतं तर तिने जन्मभर ऐकवलं असतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणणार, "असेल हो कुठेतरी."

मग सुचलं: लोकांच्या कागदांत गेली असेल! मी 'तपासणी' या नावाखाली एकेक घर गाठलं. "फायलींची वाटप-पश्चात तपासणी आहे," असं म्हटलं की लोक दार उघडतात, हा माझा अनुभव आहे. पावती मिळाली नाही. पण शेजारच्या बाईंच्या पेन्शनच्या कागदांत सर्वज्ञांचं एक खाजगी पत्र निघालं. त्यांनी तरुणपणी कुणालातरी लिहिलेलं आणि पोस्टात न टाकलेलं. ते परत द्यायला वर गेलो, तर ते नेमकं सर्वज्ञांच्या बायकोच्या हाती पडलं. त्या दिवसापासून सर्वज्ञांनी इतरांच्या आजारांची चौकशी बंद केलीय. एवढा एक फायदा झाला.

सोमवारी सकाळी अर्धी रजा टाकून मी त्या खिडकीशी गेलो.

"नंबर?" खिडकीवाल्याने विचारलं.

"नंबर पावतीवर आहे."

"मग पावती द्या."

"पावती... जरा इकडे-तिकडे झालीय."

त्याने पहिल्यांदाच वर बघितलं. माझ्या आयुष्यात मी हजारो लोकांकडे जसं बघितलंय, तसंच. "नंबराशिवाय कसं शोधणार?" तो म्हणाला. हेही माझंच वाक्य. मग त्याने सांगितलं की दुय्यम पावतीसाठी अर्ज करा, ओळखपत्राची प्रत जोडा, अर्जावर विभागप्रमुखांची सही आणा. विभागप्रमुख रजेवर आहेत, उद्या येतील. मी विचारलं, "त्यांच्या गैरहजेरीत सही कोण करतं?" तो म्हणाला, "कोणी नाही." उत्तर चोख होतं. वाद घालायला जागाच ठेवली नव्हती.

घरी आलो तर बायको बाल्कनीत. बाही मांडीवर पसरलेली. मी नुसतं बघत राहिलो, कारण ती बाही माणसाच्या गुडघ्यापर्यंत येईल एवढी झाली होती.

"कुणाचा हात एवढा लांब आहे?" मी विचारलं.

तिने खाली बघितलं, जणू ती बाही दुसऱ्याच कुणीतरी तिच्या मांडीवर आणून ठेवली होती. "अगंबाई," म्हणाली, "लक्षच नव्हतं." आणि उसवायला बसली. मी काही त्यावर विचार केला नाही. मी माझ्याच काळजीत होतो.

मंगळवारी विभागप्रमुखांची सही मिळवून मी दीडच्या सुमाराला खिडकीशी उभा राहिलो. खिडकीवाल्याने अर्ज वाचला, मागच्या सोमवारची वही काढली, बोट फिरवलं आणि थांबला.

"पावती हरवलीय म्हणता?"

"हो."

"कमाल आहे. ही पावती तर रोज इथे येते."

"म्हणजे?"

"एक बाई घेऊन येतात. गुरुवारपासून, दररोज, रविवारची सुट्टी सोडून. दोन वाजता. आला का विचारतात, नाही म्हटलं की जातात."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तो साफ चुकीचा होता. चोरी! कुणीतरी माझ्या घरातून माझी पावती लांबवली होती. घरात गेले चार दिवस आख्खी इमारत येऊन गेली होती. पण माझ्या गाठीत कुणाला इतका रस असावा? माझ्या नजरेसमोर शेजारच्या बाई आल्या. त्यांना सगळ्यात रस असतो. मी खिडकीवाल्याला म्हटलं, "रिपोर्ट अजिबात देऊ नका. पावती चोरीची आहे. तशी तक्रार लिहून देतो." आणि खरोखरच एक कागद घेऊन तक्रार लिहिली, खाली सही केली, तारीख टाकली आणि शेजारच्या वजनाच्या काट्यामागे जाऊन दबा धरून उभा राहिलो. काटा उंच होता, पण मी रुंद आहे.

दोन वाजले. जिन्याच्या बाजूने एक बाई आली. हातात कापडी पिशवी, पिशवीतून लोकरीचं टोक बाहेर लोंबतंय. ती खिडकीपाशी थांबली, पदर सारखा केला, पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला.

"आला का हो?" तिने विचारलं.

तो आवाज मी ओळखला नाही. खरंच सांगतो. पंचवीस वर्षांत तो मी कधी ऐकला नव्हता. पाठमोरी होती, पण त्या पाठीवरून कळलं, माझी बायको.

"आज आलाय, ताई," खिडकीवाला म्हणाला, "पण एक अडचण आहे. या साहेबांची तक्रार आहे की पावती चोरीची आहे."

तिने वळून बघितलं. मी काट्यामागून बाहेर आलो. बाहेर येताना काट्यावर पाय पडला आणि माझं वजन सगळ्या रांगेला दिसलं.

"अहो!"

"तू?"

"तुम्ही इथे काय करताय?"

"रिपोर्ट माझा आहे," मी म्हटलं.

"पावती माझ्याकडे आहे."

"पण अशी न विचारता—"

"न विचारता कशी? चिठ्ठी ठेवली होती ना जागेवर. तुमचाच नियम," ती म्हणाली. मग जरा थांबून, हळू आवाजात, "तुम्ही वाचली नाही का?"

आयुष्यात मी कागदाच्या बाबतीत कधी खोटं बोललो नाही. त्या दिवशी बोललो.

"वाचली ना."

तिने माझ्याकडे बघितलं. "मग काही बोलला का नाहीत?"

मी तक्रारीचा कागद खिडकीतून परत मागितला. खिडकीवाल्याने तो आधी वहीत नोंदवला आणि मगच परत दिला. पद्धत बरोबर होती. मग त्याने पाकीट पुढे सरकवलं. बायकोने घेतलं आणि माझ्या हातात दिलं. मी तिच्या हातात दिलं. तिने पुन्हा माझ्या.

"कुणीतरी एकाने घ्या हो," खिडकीवाला म्हणाला, "मागे रांग आहे."

पाकीट आम्ही फोडलं नाही. समोरच्या इमारतीत डॉक्टर होते, तिथे गेलो. डॉक्टरांनी कागद उलगडला, वरपासून खालपर्यंत वाचला. त्यांना वाचायला किती वेळ लागला मला माहीत नाही, पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेतले सगळे सोमवार मी मोजून काढले.

"साधी चरबीची गाठ आहे," ते म्हणाले. "निरुपद्रवी. त्रास होत नसेल तर राहू द्या."

"बहुधा?" मी विचारलं.

"नाही, नाही. नक्की."

"काही नसेल असं मी म्हणतच होते," बायको म्हणाली. आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता. मग ती पर्स बंद करायला लागली, तर तिला चेन लावता येईना. दोनदा सटकली. ती मान खाली घालून चेन ओढत राहिली. शेवटी मी तिच्या हातातून पर्स घेतली आणि लावून दिली.

मास्तरांचं सांगायचं राहिलं. त्यांचं काम मी दुसऱ्याच दिवशी केलं, असं लिहायला मला आवडलं असतं. सात दिवस लागले. आमच्या कार्यालयाच्या मानाने हा विक्रम आहे.

घरी आल्यावर बायकोने ती पावती टेबलावर ठेवली. "घ्या, लावा तुमच्या फायलीत," म्हणाली आणि मुलीला फोन करायला आत गेली. आतून आधी फोनमधलं मुलीचं ओरडणं ऐकू आलं, मग बायकोचं हसणं.

मी स्वयंपाकघराच्या दारामागे गेलो. जी चिठ्ठी वाचली म्हणून सांगितलं होतं, ती वाचायला हवी होती. कागदाच्या जागेवरची चिठ्ठी खातरजमा न करता काढून टाकणं, हा गुन्हा एखाद्या कनिष्ठ कारकुनाने केला असता तर मी त्याला मेमो दिला असता. मी तार खाली घेतली आणि एकेक चिठ्ठी उलटत गेलो.

कागद: छत्री. कारण: बहुधा पाऊस नाही, पण नेऊन ठेवते.

कागद: बाबांचा चष्मा. कारण: त्यांच्याच डोक्यावर आहे, नोंद असावी म्हणून.

कागद: बाबा. घेणारी: गाठ. परतीची तारीख: मंगळवार. नक्की.

हिच्यापाशी जरा थांबलो. पोरगी लक्ष ठेवून होती तर.

खालून तिसरी चिठ्ठी बायकोच्या अक्षरात होती. तिने चारही रकाने भरले होते, नियमाप्रमाणे, एकही न सोडता.

कागद: इस्पितळाची पावती.

घेणारी: मी.

कारण: तुम्ही एकटेच जाऊन रिपोर्ट आणाल आणि मला खोटं सांगाल म्हणून.

परतीची तारीख: तुम्ही बरे आहात असं मला स्वतःला कळलं की.

नियम असा आहे की कागद परत आला की चिठ्ठी फाडायची. ही मी फाडलेली नाही, खिशातल्या पाकिटात ठेवलीय. पावती त्या संध्याकाळी नेमकी कुठे लावली ते मला आठवत नाही, आणि अजून तरी मी ती शोधलेली नाही.